अगंबाई, लागली की नाही लागली?

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर दार जरा लोटून घ्या आणि बसा. सव्विसाव्या शतकातले शिपाई म्हणे एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात! अंगभर चिलखत, डोक्यावर बंद काचेचं शिरस्त्राण, सकाळी या ग्रहावर तर रात्री त्या ग्रहावर मुक्काम, असा ज्यांचा थाट, ते पहाटे उठून रंगपंचमी खेळतात आणि तिला सैनिकी शिक्षण म्हणतात. बरं, गोळी लागली की लाल डाग पडतो, अंग बधिर होतं, शिपाई ओंडक्यासारखा आडवा होतो आणि थोड्या वेळानं उठून जेवायला जातो. म्हणजे मेलाही आणि जेवलाही! आमच्याकडे निदान मेल्यावर तेराव्याला जेवतात, तेही दुसरे.

ही बातमी मला दिली माझ्या भाच्यानं. वय वर्षं बारा. त्याच्या बोलण्यात सारखं ‘हेलो, हेलो’ येत होतं, मला वाटलं पोरगं फोनवर आहे. मग कळलं की हा २००१ सालापासून चाललेला व्हिडिओ गेम आहे आणि त्याच्याभोवती कादंबऱ्या, मालिका, खेळणी असं अख्खं गाव वसलंय. २०१२ साली त्याची एक मालिकाही आली, ‘फॉरवर्ड अन्टू डॉन’ नावाची. त्यात परग्रहावरच्या सैनिकी शाळेतली पोरं एकमेकांना याच खोट्या गोळ्या घालतात आणि त्यांचे आईबाप काही म्हणत नाहीत.

मी एरवी असल्या गोष्टी मनावर घेत नाही. पण गेल्या महिन्यात याच पोराचा वाढदिवस झाला, आणि तो केक, समोसा, वेफर्स असा सरळ न होता एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, काळोख्या खोलीत, हातात बंदुका घेऊन झाला. लेझर टॅग म्हणतात त्याला. ‘‘मावशी, तू पण चल ना, आमच्या टीममध्ये एक कमी आहे,’’ असं तो म्हणाला आणि मी विरघळले. सकाळी एका सत्यनारायणाला जाऊन तशीच आले होते, त्यामुळे अंगावर साडी. तिच्यावर त्यांनी दिव्यांचं जॅकेट चढवलं. आत एसी असा बोचरा, की वरून पदर लपेटून घेतला आणि घुसले रणांगणात.

सांगायला नको, पण सांगते. खेळ संपल्यावर बाहेर पडद्यावर सगळ्यांचे गुण लागले. कोण किती वेळा मेलं, कुणी कुणाला मारलं, सगळं नावानिशी. आमच्या अख्ख्या घरात सगळ्यांत कमी वेळा मेलेली व्यक्ती म्हणजे मी! पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, साडीतली मी! बहिणीनं फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकला.

असो. मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की बाहेर आल्या आल्या भाचा आणि त्याचा जिवलग मित्र यांची जुंपली.

‘‘मी तुला तीनदा मारलं!’’

‘‘लागलीच नाही!’’

‘‘तुझं जॅकेट लाल झालं होतं!’’

‘‘जॅकेट खराब आहे!’’

आता बघा. जॅकेट थरथरत होतं, दिवा लाल झाला होता, छातीवरच्या डबीतून एक बाई इंग्रजीत ‘तुम्हाला मारण्यात आलंय’ असं बजावत होती, पडद्यावर आकडा झळकत होता. आणि पोरगं ठणठणीत उभं राहून सांगतंय, लागलीच नाही! यंत्रानं मृत्यूचा दाखला हातात ठेवलाय आणि मयत दाखल्यावरच्या सहीबद्दल वाद घालतोय.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कारळ्याची चटणी घेऊन आल्या, त्यांना मी हे रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, त्यात नवं काय? आमच्या वेळी आबाधोबीत चेंडू पाठीत बसला की हा एवढा वळ उठायचा. तरी माझा धाकटा दीर म्हणायचा, लागला नाही. सदरा वर करून वळ दाखवला, तर म्हणे हा कालचा आहे.’’

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मंडळी, या खोट्या गोळ्यांचा शोध लावायला माणसानं शंभरएक वर्षं घालवली, रंग झाला, मेण झालं, लेझर झाला, बधिर करणारी औषधं झाली, ती कशासाठी? कुणी मरू नये म्हणून? छे! मारायचं नसेल तर घरी बसावं, त्याला गोळी कशाला? ही सगळी खटपट एकाच वाक्याविरुद्ध आहे: ‘लागलीच नाही.’ हा सगळा इतिहास म्हणजे रडीच्या डावाचा इतिहास आहे. मी तो खणून काढलाय, आणि एकेक लफडं असं खमंग आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं लफडं पॅरिसचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सभ्य पुरुषांना एक खूळ लागलं. द्वंद्वयुद्धाची हौस तर आहे, पण जीव जायला नको आणि पोलीसही यायला नकोत. मग डेव्हिलर्स नावाच्या डॉक्टरांनी मेणाच्या गोळ्या काढल्या. डॉक्टरांनी, बरं का! ज्यानं गोळी काढायची, त्यानंच गोळी काढून दिली. हे मिशीवाले गृहस्थ जाड लांब डगले घालायचे, तोंडावर जाड काचेचे मुखवटे चढवायचे, पिस्तुलावर बोटं वाचवायला पत्र्याची ढाल बसवायचे आणि मोजून पावलं टाकून एकमेकांवर मेण उडवायचे. त्यांची छायाचित्रं पाहिलीत तर वाटेल परग्रहावरची फौज आलीय आणि तिला दिवाणखान्याचा रस्ता सापडत नाहीये.

हे खूळ इतकं वाढलं की १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. त्याआधी १९०६ साली अथेन्सच्या खेळांत लांब कोट घातलेल्या पुतळ्यांवर द्वंद्वाच्या पिस्तुलांनी नेम धरायची स्पर्धा होती. पुतळ्याचा एक फायदा असतो, तो ‘लागली नाही’ म्हणत नाही. पण जिवंत माणसाच्या डगल्यावर मेणाचा ठिपका पडला की पुरावा तयार. सभ्य गृहस्थांच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच येऊ नये, म्हणून सभ्य गृहस्थांनीच केलेली ही सोय. काय म्हणावं!

दुसरं लफडं अमेरिकेतलं, आणि त्यात गाईसुद्धा गुंतलेल्या आहेत. तिथे रंग विकणारी नेल्सन नावाची कंपनी आहे. जंगलात कुठलं झाड तोडायचं, कळपातली कुठली गाय वेगळी काढायची, हे लांबून खूण करून ठेवता यावं म्हणून त्यांच्यासाठी एक रंगाची बंदूक तयार झाली. नाव काय ठेवलं? ‘नेल-स्पॉट ००७’. गाईच्या ढुंगणावर निळा ठिपका मारायचा आणि नाव जेम्स बाँडचं! जिलेटिनच्या कवचात रंग भरलेला, जशी औषधाची कॅप्सूल असते तशीच.

मग काय झालं, चार्ल्स गेन्स नावाचे लेखक आणि हेज नोएल नावाचे शेअरबाजारातले गृहस्थ, दोघांचा वाद लागला. जंगलात तग धरायची वेळ आली तर कोण टिकेल, रानात हिंडणारा गडी की शहरात मुरलेला चलाख माणूस? हे गेन्स म्हणजे शरीरसौष्ठवावरचं ‘पंपिंग आयर्न’ पुस्तक लिहिणारे, तेव्हा दंडाच्या बेटकुळ्यांबद्दल त्यांची काही मतं असणारच. असा वाद आपल्याकडे पारावर सुरू होऊन पारावरच संपतो. यांनी काय केलं? बॉब गर्न्सी नावाचा तिसरा भिडू घेतला, झाडांच्या त्या बंदुका आणल्या आणि २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात १२ मोठी, मिळवती माणसं एकमेकांना गाय समजून रंगवायला उतरली!

रंग तेलाचा. कपड्याला लागला की धुवायला टर्पेंटाइन. त्या रात्री त्यांच्या घरी काय झालं असेल, हे कुठल्याही इतिहासकारानं लिहिलेलं नाही, पण ज्या बाईनं रंगपंचमीनंतर पांढरा सदरा भिजत घातलाय तिला ते सांगावं लागत नाही. पुढे पाण्यानं धुतला जाणारा रंग आला, आणि मगच हा खेळ जगभर पसरला. माझं ठाम मत आहे की पेंटबॉलचा खरा शोध तो दुसरा.

पण गंमत पुढेच आहे. त्या पहिल्या खेळात जिंकलं कोण? रिची व्हाइट नावाचा, जंगलात काम करणारा गडी. चारही बाजूंचे झेंडे त्यानं गोळा केले आणि अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही! कुणी त्याला पाहिलंच नाही. ज्या दिवशी खोट्या गोळीचा खेळ जन्माला आला, त्याच दिवशी तो न मारता जिंकता येतो हेही सिद्ध झालं. पण त्याकडे लक्ष कोण देतो? पुढच्या वर्षांत लोकांनी झेंडे बाजूला ठेवले आणि मिनिटाला किती गोळ्या सुटतात यावर पैसे ओतले.

आता तिसरं, आणि इथून आपण परत अवकाशात शिरतो. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला. त्यात एक कोवळा तरुण डोळे झाकून हवेत तरंगणाऱ्या एका गोळ्याशी सराव करतो आणि तो गोळा त्याला मधूनमधून डसतो. डसतो म्हणजे मारत नाही, चिमटा काढल्यासारखं करतो. आमच्या शाळेतले भूमितीचे सर हेच काम खडूनं करायचे. तो चित्रपट पाहून जॉर्ज कार्टर नावाच्या एका माणसाच्या डोक्यात आलं, की प्रकाशाच्या बंदुकांची लढाई लोकांना पैसे घेऊन खेळायला दिली तर? १९८४ साली टेक्सासमधल्या डॅलसला त्यानं ‘फोटॉन’ नावाचा अड्डा उघडला. काळोख, धूर, शिरस्त्राणं, छातीवर डबी. भाच्याच्या वाढदिवसाचं बिल ज्यानं आमच्या मेहुण्यांच्या माथी मारलं, तो मूळ इसम हाच.

दोन वर्षांत ‘लेझर टॅग’ची खेळणी घरोघरी आली, त्याच्यावर कार्टूनही निघालं. आणि मग १९८७ साली कॅलिफोर्नियात एका शाळेच्या आवारात रात्री अशी बंदूक घेऊन खेळणारा १९ वर्षांचा एक मुलगा पोलिसाच्या खऱ्या गोळीनं मेला. पोलिसाला ती बंदूक खरी वाटली होती. इथे मी थट्टा थांबवते. आज दुकानातल्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीचं टोक नारिंगी का असतं, असं पोरांनी विचारलं, तर उत्तर अशा काळोखातल्या चुकांमध्ये आहे. खोटी गोळी फार चांगली जमली की तिला खरं उत्तर मिळू शकतं.

तेव्हा चला, खऱ्या फौजेकडे. तुम्हाला वाटेल, मॉलनं फौजेची नक्कल केली. तसं नाही. अमेरिकी लष्करात हाच प्रकार त्याच सुमारास चालू झाला होता, त्याला ‘माइल्स’ म्हणतात. सैनिकाच्या खऱ्या बंदुकीवर लेझरची डबी. बंदुकीत गोळी नाही, नुसता बार. बार उडाला की डबीतून प्रकाशाची अदृश्य काडी सुटते. समोरच्याच्या टोपीवर आणि पट्ट्यांवर टिकल्या लावलेल्या, त्यांच्यावर ती पडली की त्याच्या अंगावरचा भोंगा वाजायला लागतो. जवळून गेली तर एक-दोनदा टूंटूं, लागली तर अखंड केकाटणं.

आता खरी मेख ऐका. तो भोंगा बंद कसा करायचा? सैनिकाच्या स्वतःच्या बंदुकीवरच्या डबीत एक पिवळी किल्ली असायची. ती काढून अंगावरच्या यंत्रात घालायची. भोंगा थांबायचा, पण किल्ली काढल्याबरोबर बंदूकही बंद! म्हणजे शांतता हवी असेल तर शस्त्र खाली ठेव. ज्यानं कुणी हे योजलं, त्याच्या घरी नक्की तीन-चार मुलं असणार. मेलेल्यांना उठवायचा अधिकार फक्त पंचाला. त्याच्याकडे वेगळी किल्ली आणि वेगळी बंदूक असते. तिला सैनिक काय म्हणतात माहितीय? ‘गॉड गन’! ती रोखली की कुणालाही जागच्या जागी मारता येतं, आणि मेलेल्याला उठवताही येतं. आमच्या वाड्यात हे काम वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे होतं, फक्त त्यांच्या हातात किल्लीऐवजी काठी होती.

या लढाया होतात कुठे? कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, फोर्ट अर्विन नावाच्या छावणीत. शत्रू म्हणून अमेरिकी सैनिकांचीच एक तुकडी ठेवलेली होती आणि ती ‘क्रास्नोव्हिया’ नावाच्या देशाची फौज म्हणून लढायची. असा देश नकाशावर नाही. आपल्याच माणसांना परका वेश द्यायचा, नसलेल्या देशाचं नाव द्यायचं आणि आपल्याच माणसांना त्यांच्याकडून मार खाऊ द्यायचा! आणि खात होते बरं का, भरपूर खात होते. ती शत्रूची तुकडी वर्षभर त्याच मैदानावर, तीच कामगिरी. पाहुण्या पलटणी बिचाऱ्या नवख्या. नुकसान मात्र सगळं केकाटणाऱ्या भोंग्यांचं. जखमी झालेल्याला एक चिठ्ठी मिळायची, पाय गेला की पोट फाटलं ते तिच्यात वाचायचं, आणि त्याप्रमाणे कण्हायचं.

एवढा बंदोबस्त झाल्यावर तरी ‘लागलीच नाही’ थांबलं असेल, असं वाटतं ना? राम राम म्हणा! प्रकाशाची काडी पानातून आरपार जात नाही. त्यामुळे खऱ्या लढाईत ज्या झुडपामागे माणूस चाळणी झाला असता, त्या झुडपामागे तो अमर. कढीपत्त्याच्या झाडाआड बसा आणि चिरंजीव व्हा! आणि टिकल्यांचं काय? त्यांच्यावर चिकटपट्टी लावायची. चिखल फासायचा. काहीतरी पांघरायचं. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य फौजेतले जवान, देशासाठी प्राण द्यायला तयार, पण सरावात मेलो असं म्हणायला तयार नाहीत!

यावर कुणी म्हणेल, मग दुखू दे. दुखलं की कबूल करतील. तोही प्रयोग झालाय. कॅनडात तयार झालेल्या ‘सिम्युनिशन’च्या गोळ्या खऱ्याच पिस्तुलातून सुटतात. त्या पिस्तुलाची नळी आधी बदलावी लागते, म्हणजे चुकूनसुद्धा खरी गोळी त्यातून उडणार नाही. पुढच्या टोकाला साबणासारखा रंग असतो. तोंडावर मुखवटा हवाच, आणि उघड्या कातडीवर बसली तर असा वळ उठतो की काकूंच्या दिरालासुद्धा ‘हा कालचा’ म्हणता आलं नसतं. पोलीस आणि लष्कर या गोळ्या वापरतात आणि सांगतात, की वेदना हीच शिक्षिका. आमच्या भूमितीच्या सरांचंही हेच म्हणणं होतं. भूमिती मला अजून येत नाही.

या सगळ्यावर कडी केली जपान्यांनी. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या ६ मिलिमीटरच्या मण्यांची बंदूक काढली, दिसायला हुबेहूब खरी, आणि ‘साबागे’ म्हणजे सर्व्हायव्हल गेमचं खूळ देशभर पसरलं. आता त्या मण्याला रंग नाही. जॅकेट नाही. भोंगा नाही. लागला की नाही हे फक्त एकालाच माहीत, ज्याला लागला त्याला. नियम काय? ज्याला लागला त्यानं स्वतःहून हात वर करून ‘हिट!’ असं ओरडायचं आणि मैदानाबाहेर चालू लागायचं.

झालं! सगळा खेळ सचोटीवर. नवरा-बायकोच्या संसारात जी गोष्ट जमत नाही, ती या लोकांनी अनोळखी माणसांबरोबर रानात करायला घेतली. आणि जो लागूनही ओरडत नाही, खेळतच राहतो, त्याला तिथे काय म्हणतात? ‘झोंबी’! मेलेला, पण चालताबोलता. लबाडाला इतकं नेमकं नाव मी आजवर ऐकलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे दोघे आहेत. मुदत संपून दोन वर्षं झाली, अजून फिरतायत.

आता विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा वेंधळेपणा नाही, धूर्तपणा बघा. त्यांना माणूस बरोबर कळलाय. त्यांनी सचोटी, भोंगा, वळ, सगळं गुंडाळून ठेवलं आणि गोळीच अशी केली की वाद घालायला तोंडच राहू नये. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची १९८५ सालची ‘एंडर्स गेम’ ही कादंबरी घ्या. तिच्यात सहा-सात वर्षांची कार्टी अवकाशातल्या शाळेत, जिथे वर-खाली काही नाही अशा खोलीत तरंगत लढतात. अंगावर खास पोशाख. दंडावर प्रकाश पडला की तो दंड ताठ, पायावर पडला की पाय ताठ, छातीवर पडला की अख्खं पोरगं पुतळा होऊन भिंतीकडे तरंगत जातं. कुठे म्हणेल ‘लागलीच नाही’? जबडाच हलत नाही!

आणि तरी पोरंच ती. त्यातल्या एंडरला सुचतं, की पाय ताठच व्हायचेत ना? मग ते आधीच दुमडून पुढे धरा, आयती ढाल. मेलेल्या पायांमागे लपून जिवंत हातांनी मारा! म्हणजे लेखकानं रडीच्या डावाला जागा ठेवली नाही, तर पोरानं मरणाचंच भांडवल केलं. मला सांगा, हे कार्टं आपल्या चाळीत वाढलं नाही यावर कुणाचा विश्वास बसेल?

‘स्टार ट्रेक’वाले तर त्याहून सोवळे. १९८९ सालच्या त्यांच्या एका भागात दोन जहाजं लुटुपुटूची लढाई लढतात. गोळी नाही, रंग नाही, नुसता संगणक जाहीर करतो की अमुक मजला उडाला, तमुक इंजिन गेलं. सगळे माना डोलावतात. वाद नाही, आवाज नाही. आणि नेमकं तेव्हाच खरं शत्रूचं जहाज येऊन खरा मारा करतं, आणि यांची शस्त्रं खोट्यावरच अडकून बसलेली! लग्नाच्या ऐन मुहूर्तावर तालमीतल्या पुठ्ठ्याच्या अंगठ्या निघाव्यात, तशी गत.

इथपर्यंत आले आणि मला वाटलं, चर्चा संपली. रडीचा डाव वाईट, यंत्र चांगलं, सव्विसाव्या शतकातली बधिर करणारी गोळी सगळ्यांत चांगली. काकूंना ‘एंडर्स गेम’चा शेवट सांगत होते, चहा ओतत ओतत. तो पोरगा मोठा होतो, आणि त्याला शेवटची परीक्षा म्हणून यंत्रावर लढाया लढायला बसवतात. पडद्यावर ठिपके. तो जिंकतो, जिंकतो, शेवटी शत्रूचा अख्खा ग्रह उडवून देतो आणि वाटतं, सुटलो, पास झालो. आणि आजूबाजूची मोठी माणसं रडत असतात. कारण ती परीक्षा नव्हतीच. ठिपके खरे होते. ग्रह खरा होता.

काकूंनी कप खाली ठेवला. ‘‘आणि त्या पोराला कुणी सांगितलं नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘समोरून कुणी ओरडलंही नाही?’’

‘‘पडद्यावर आवाज कुठला येणार, काकू?’’

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग तुझा भाचा आणि त्याचा मित्र भांडले ते बरं झालं म्हणायचं.’’

माझी बोलती बंद. आठवडाभर मी गावभर सांगत फिरतेय, की आजकालच्या पोरांना मेल्यावर गप्प बसायची रीत नाही. आणि काकूंनी एका वाक्यात डाव उलटवला. मेलेला माणूस उठून ‘लागलीच नाही’ म्हणून भांडतो, त्याचा मित्र त्याला ‘रडी’ म्हणतो, आणि मग दोघं एकाच बाटलीतलं सरबत पितात, तिथवर तो खेळ आहे. ज्या दिवशी समोरून काहीच ऐकू येत नाही, त्या दिवशी जरा उठून बघावं, ठिपके कसले आहेत. पॅरिसचे मेणवाले, हेनिकरचे रंगवाले, वाळवंटातले चिकटपट्टीवाले, सगळ्यांना माझ्याकडून माफी. भांडा रे बाबांनो, पोटभर भांडा.

हे सगळं मी अगदी भारावून बोलत होते. काकू बशीतला चहा संपवत माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘‘ते चिकटपट्टीचं काय म्हणालीस मघाशी? टिकली झाकली की गोळी लागत नाही?’’

‘‘हो ना, बघा ना काकू, एवढे मोठे जवान आणि...’’

‘‘आणि तुझ्या त्या जॅकेटला टिकल्या कुठे होत्या गं?’’

‘‘खांद्यावर. आणि छातीवर. आणि पाठीवर.’’

‘‘आणि एसी गार होता म्हणून पदर कुठून कुठे लपेटला होतास?’’

मंडळी, मी उठले आणि चटणीची वाटी धुवायला घेतली. सगळ्यांत कमी वेळा मेले होते, हे मी ग्रुपवरून अजून काढलेलं नाही. थंडी खरंच होती हो. विचारा कुणालाही. मला लागलीच नाही!